नाइफमधला ‘के’ आला कोठून?

इंग्रजी स्पेलिंगमधील अनुच्चारित अक्षरांविषयी, म्हणजे शाळेत ज्यांना आपण ‘सायलेंट’ म्हणतो त्या अक्षरांविषयी, वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही सारी अक्षरे एका जातीची नाहीत आणि म्हणून ‘इंग्रजीत असेच असते’ या एका वाक्यात त्यांची बोळवण करता येत नाही. प्रत्येक अक्षराला विचारावे लागते की तू पूर्वी बोलत होतास का, आणि नसलास तर तुला येथे आणून कोणी बसवले.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. सुरी या अर्थाचा ‘नाइफ’, गुडघा या अर्थाचा ‘नी’, जाणणे या अर्थाचा ‘नो’ या शब्दांत ‘के’ का लिहायचा, असे ती रोज विचारते. ‘तशी पद्धत आहे’ यापलीकडे मला तिला काही सांगता येत नाही. (एक पालक, सांगली)

आपल्या मुलीला सांगा की हा ‘के’ एके काळी स्पष्ट ऐकू येत असे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या तोंडी सरदार या अर्थाचा ‘नाइट’ हा शब्द साधारण ‘क्निख्त’ असा होता, आणि गुडघ्याला त्या काळचे लोक ‘क्ने’च्या जवळ जाणारा उच्चार करत. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या जर्मन भाषेत गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात आणि त्यातला ‘क’ नीट उच्चारतात. इंग्रजीतून मात्र तो सतराव्या शतकाच्या ओघात गळाला. त्याच सुमारास ‘राइट’, म्हणजे लिहिणे, या शब्दाच्या आरंभीचा ‘डब्ल्यू’ आणि चिलटासारख्या किड्याचे नाव असलेल्या ‘नॅट’मधला ‘जी’ हेही बोलण्यातून गेले.

मग लिहिण्यातून ते का गेले नाहीत? याचे कारण मुद्रणाच्या इतिहासात आहे. विल्यम कॅक्सटन याने 1476 मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना उभारला. त्याआधी लेखनिक आपापल्या प्रांतातील बोलीप्रमाणे लिहीत आणि एकच शब्द अनेक रूपांत आढळत असे. छपाईमुळे एकेका शब्दाचे एकेक रूप हळूहळू रूढ होत गेले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील इंग्रजीचे स्पेलिंग बरेचसे स्थिर झाले. म्हणजे ‘के’ जिभेवरून उतरत होता त्याच काळात तो कागदावर पक्का बसत होता. सॅम्युअल जॉन्सन याचा कोश 1755 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्यापुढे ही रूढ झालेली रूपेच होती आणि बहुतेक ठिकाणी त्याने तीच कायम ठेवली.

मराठी मुलीला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. इंग्रजी ‘नी’ आणि संस्कृत ‘जानु’ हे शब्द एकाच मूळ शब्दापासून निघाले आहेत. तसेच इंग्रजी ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ यांचे आहे, आणि त्या ‘ज्ञा’पासूनच आपले ‘जाणणे’ आले. आपल्याकडे जेथे ‘ज’ आहे, तेथे इंग्रजीच्या कुळात ‘क’ आहे. म्हणून तो मुका ‘के’ लिहिताना तिने ‘जाणणे’मधला ‘ज’ आठवावा. ‘अक्नॉलेज’ या शब्दात तर त्याच ‘नो’च्या घराण्यातला ‘क’ अजूनही कानाला ऐकू येतो.

प्रश्न : ‘जी’ आणि ‘एच’ ही जोडी रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मध्ये गप्प असते, ‘लाफ’मध्ये ‘फ’ होते आणि ‘घोस्ट’मध्ये ‘ग’ होते. यात काही नियम आहे का? (नववीतील विद्यार्थी, नाशिक)

नियम नाही, पण इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत घशातून घासून काढलेला एक ‘ख’ होता. उर्दू बोलणारे ‘खबर’मधला ‘ख’ जसा काढतात, साधारण तसा. तेव्हा तो ‘एच’ या अक्षराने लिहीत. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाची लेखनपद्धती रुजत गेली आणि पुढे या ध्वनीसाठी ‘जीएच’ ही जोडी रूढ झाली. कालांतराने दक्षिण इंग्लंडमधून तो ध्वनीच नाहीसा झाला. काही शब्दांत त्याच्या जागी काहीही उरले नाही, तर ‘लाफ’, ‘कफ’, ‘इनफ’ यांसारख्या शब्दांत त्याचा ‘फ’ झाला. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळे बदल झाले होते आणि प्रमाण इंग्रजीत त्यांची सरमिसळ झाली, म्हणून ही विसंगती दिसते. स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीला अजूनही ‘निख्त’ म्हणतात.

येथेही आपल्या भाषांशी असलेले नाते पाहण्यासारखे आहे. इंग्रजी ‘डॉटर’ म्हणजे संस्कृत ‘दुहिता’. दुहितेमधला ‘ह’ जेथे आहे, नेमके तेथे इंग्रजीत ‘जीएच’ लिहितात. ‘एट’ म्हणजे ‘अष्ट’, आणि त्यातला ‘जीएच’ आपल्या ‘ष’च्या जागी उभा आहे. ‘नाइट’ म्हणजे ‘नक्त’, आणि तेथे तो ‘क’च्या जागी आहे. या तीन शब्दांचे स्पेलिंग एकदा असे पाहिले की पुन्हा चुकत नाही, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

‘घोस्ट’ची गोष्ट निराळी आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द साध्या ‘जी’ने लिहिला जाई. कॅक्सटनने आयुष्याची बरीच वर्षे आजच्या बेल्जियममधील ब्रूझ शहरात काढली होती, आणि तेथील फ्लेमिश भाषेत या शब्दाच्या आरंभी ‘जीएच’ लिहिण्याची रीत होती. ती छापखान्यातून इंग्रजीत शिरली. ‘गूस’, ‘गोट’, ‘गर्ल’ हे शब्दही तेव्हा कधी कधी ‘एच’ घालून छापले गेले, पण तेथे ती रीत टिकली नाही. ‘डिलाइट’मध्ये तर ‘जीएच’ कधीच बोलला गेला नव्हता. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि केवळ ‘लाइट’शी यमक जुळते म्हणून त्याला तसाच पोशाख चढवण्यात आला.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दातला ‘बी’ पूर्वी उच्चारला जात होता का? (पुणे)

इंग्रजीत नाही. हा ‘बी’ दुसऱ्या जातीचा आहे. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता, उच्चारातही नव्हता आणि लेखनातही नव्हता. पुढे युरोपात लॅटिन विद्येचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पंडितांना वाटले की शब्दाचे कूळ त्याच्या तोंडावर दिसले पाहिजे. लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘डेबिटुम’ होता, म्हणून त्यांनी ‘बी’ परत आणून बसवला. संशय या अर्थाच्या ‘डाउट’मध्ये ‘डुबिटारे’ या लॅटिन क्रियापदाची आठवण म्हणून ‘बी’ आला. आपल्या पासबुकातील ‘डेबिट’ हा शब्द त्याच लॅटिन मुळाचा आहे आणि त्यात ‘ब’ ऐकू येतो, तेव्हा आपल्याला तरी हा ‘बी’ परका वाटू नये.

याबाबत त्या काळातही वाद होता. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत एक शाळामास्तर अशी तक्रार करतो की लोक ‘डेट’ आणि ‘डाउट’ हे शब्द ‘ब’ गाळून बोलतात. नाटककाराने त्याला विद्वत्तेचे प्रदर्शन करणारा माणूस म्हणून रंगवले आहे, आणि पुढे लोकांनीही त्या मास्तरांचे ऐकले नाही. काही शब्दांत मात्र पंडितांचा विजय झाला. ‘फॉल्ट’ हा शब्द फ्रेंचमधून ‘ल’शिवाय आला होता. ‘एल’ आधी लिहिण्यात घातला गेला आणि मग हळूहळू लोक तो बोलूही लागले. लिहिलेले अक्षर बोलण्याला कसे वळवू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

दुःखाची गोष्ट अशी की पंडितांच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या चुका आपली मुले आजही पाठ करतात. बेट या अर्थाचा ‘आयलंड’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी काहीही संबंध नाही. पण त्याच अर्थाचा ‘आइल’ हा शब्द फ्रेंचमधून आला होता, तो ‘इन्सुला’चा वंशज होता, आणि त्यात ‘एस’ लिहीत. दोन्ही शब्द एकाच कुळातले समजून ‘आयलंड’मध्येही ‘एस’ घुसवण्यात आला. कात्रीच्या ‘सिझर्स’मधला ‘एस’पुढचा ‘सी’ही असाच चुकीच्या लॅटिन शब्दाशी नाते जोडल्यामुळे आला. अंगठ्याच्या ‘थम’मधला ‘बी’ पंडितांचा नव्हे. ‘लॅम’, ‘डम’ यांसारख्या शब्दांत पूर्वी उच्चारला जाणारा खरा ‘बी’ होता, तो मुका झाल्यावर त्यांच्याकडे पाहून लोकांनी तो ‘थम’लाही जोडला.

प्रश्न : शब्दाच्या शेवटी येणारा ‘ई’ निरुपयोगी आहे का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

मुळीच नाही. सर्व मुक्या अक्षरांत सर्वाधिक काम हाच करतो. ‘हॉप’ आणि ‘होप’, ‘कॅप’ आणि ‘केप’ यांतला फरक लिहिण्यात केवळ त्याच्यामुळे दिसतो. तो पूर्वी उच्चारला जाई. ‘नेम’ या शब्दाचा उच्चार मध्ययुगात साधारण ‘नामं’ असा दोन अवयवांचा होता आणि शेवटी आपल्या ‘अ’सारखा पुसट स्वर होता. पंधराव्या शतकापर्यंत तो स्वर बोलण्यातून गेला, आणि आधीचा ‘आ’ पुढील दोनेकशे वर्षांत बदलत आजच्या ‘ए’पर्यंत पोहोचला. रिचर्ड मल्कास्टर या शिक्षकाने 1582 मध्ये इंग्रजी लेखनावर पुस्तक लिहिले, त्यात शेवटच्या ‘ई’चे आधीचा स्वर दीर्घ दाखवण्याचे काम नीट विशद केले आहे.

वर्गात समजावताना आपण मराठीचाच आधार घ्यावा. ‘घर’ हा शब्द आपण ‘घर्’ असा बोलतो, पण ‘र’चा पाय मोडून लिहीत नाही. शेवटचा ‘अ’ पूर्वी उच्चारला जात होता, आणि ओवी किंवा अभंग चालीवर म्हणताना तो आजही ऐकू येतो. इंग्रजीच्या शेवटच्या ‘ई’चे पुष्कळसे तसेच झाले.

‘हॅव’ आणि ‘गिव्ह’ यांत स्वर दीर्घ नसूनही ‘ई’ आहे. पूर्वी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन वळणे होती, त्यामुळे शब्दाच्या अखेरीस व्यंजनच वाचायचे आहे हे कळावे म्हणून पुढे ‘ई’ लिहीत. त्यातून इंग्रजी शब्द ‘व्ही’ने संपवायचा नाही हा संकेत पडला.

प्रश्न : ‘ऑफन’मध्ये ‘ट’ उच्चारावा की नाही? आणि ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ यांतला ‘एच’ का मुका? (नागपूर)

‘ऑफन’ आणि ‘ऑफ्टन’ हे दोन्ही उच्चार कोशांत दिलेले आहेत. ‘ट’ बोलण्यातून गेला होता, लोक स्पेलिंग पाहून तो पुन्हा उच्चारू लागले. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ फ्रेंचमधून आले, आणि त्या भाषेतून ‘ह’ आधीच गेला होता. पोर्तुगीज भाषेतही तो असाच मुका आहे, म्हणून पोर्तुगीजांकडून आपल्याला ‘इस्पितळ’ मिळाले आणि इंग्रजांकडून ‘हॉस्पिटल’.

प्रश्न : एवढा गोंधळ असताना इंग्रजांनी स्पेलिंग सुधारले का नाही? (निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी)

प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेबस्टरने 1828 च्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ काढला आणि तो बदल तेथे रुजला. जीभ या अर्थाचा ‘टंग’ हा शब्द ‘टी-यू-एन-जी’ असा लिहावा, ही त्याची सूचना मात्र कोणी मानली नाही. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला 300 शब्द सोप्या स्पेलिंगने छापण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केला, आणि वर्ष संपण्यापूर्वी आदेश मागे गेला.

मोठी अडचण ही की उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कोणाच्या उच्चाराप्रमाणे, याचे उत्तर नाही. ‘कार’मधला ‘आर’ लंडनमध्ये मुका आहे, एडिंबरा आणि शिकागो येथे तो बोलतो. इंग्रजीसाठी सर्वांवर बंधनकारक ठरेल असा निर्णय देणारी कोणतीही संस्था नाही. शिवाय काही मुकी अक्षरे नातलग शब्दांत बोलतात. ‘साइन’मधला ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये ऐकू येतो, ‘बॉम’मधला ‘बी’ ‘बंबार्ड’मध्ये, ‘ऑटम’मधला ‘एन’ ‘ऑटम्नल’मध्ये. ती काढली तर नाती दिसेनाशी होतील. मला हा युक्तिवाद पटतो, पण तो ‘आयलंड’मधल्या ‘एस’ला लागू पडत नाही. तो काढला तर कोणाचेही काही बिघडणार नाही.

मराठीने हे काम केले, हे आपल्याला माहीत आहेच. आपण स्वतः ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे लिहायला शिकला असाल. ‘पांच’वरचा टिंब ‘पञ्च’मधल्या अनुनासिकाची खूण होता, आणि ‘केलें’वरचा टिंब नपुंसकलिंग दाखवी. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि राज्य शासनाने मान्य केलेले नियम 1962 मध्ये आले, आणि जे अनुस्वार उच्चारात नाहीत ते लेखनातूनही गेले. मुलांचे ओझे हलके झाले, म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याची किंमतही होती. आपल्या कोकणातील बोलींमध्ये आणि कोकणी भाषेत तो नाकातला स्वर अजून जिवंत आहे, आणि आजच्या प्रमाण लेखनात त्याची खूणही सापडत नाही.

प्रश्न : पावती या अर्थाच्या ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आहे, मग फसवणूक या अर्थाच्या ‘डिसीट’मध्ये का नाही? (ठाणे)

दोन्ही शब्दांचे लॅटिन मूळ एकच आहे आणि दोन्हींत पंडितांनी ‘पी’ घातला होता. जुन्या लेखनात ‘डिसीट’ही ‘पी’सह आढळतो. एका शब्दात तो टिकला, दुसऱ्यात टिकला नाही.