वाटीचे ग्रॅम किती?

प्रश्न : मुलगी जर्मनीत असते. तिने रव्याच्या पाकातल्या लाडवांची कृती मागितली. मी नेहमीसारखं सांगितलं : दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर, अर्धी वाटी तूप. तिच्याकडे वजनकाटा आहे, म्हणून एक वाटी म्हणजे १०० ग्रॅम असं धरायला सांगितलं. लाडू वळलेच नाहीत, सगळा भुगा. इथे सहकारनगरात माझे कधी बिघडत नाहीत. चुकलं कुठे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या १०० ग्रॅममध्ये. लेकीच्या हाताला दोष देऊ नका.

वाटी जागा मोजते, काटा वजन. एकाच वाटीत रवा, साखर आणि तूप वेगवेगळ्या वजनाचं बसतं. तेलाची एक लिटरची पिशवी बघा, तिच्यावर वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं. तुपाचंही साधारण तसंच.

आधी तुमची वाटी केवढी ते काढा. तुळशीबागेत वाट्या दहा आकारांच्या मिळतात, त्यामुळे माझ्या वाटीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. काटा असेल तर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. काटा नसेल तर दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी वाट्यांनी मोजा. तीन वाट्या भरून चौथी जेमतेम तिसरा हिस्सा भरली, तर वाटी १५० मिलिलिटरची.

अशा वाटीत रवा साधारण १०० ते १०५ ग्रॅम मावतो, साखर १२५ ते १३०, पातळ तूप १३५ च्या आसपास. म्हणजे रव्यापुरता तुमचा हिशेब जमला होता. पण साखर १९० ग्रॅमच्या जागी १५० पडली, तूप ६८ च्या जागी ५०. पाक कमी, तूप कमी, मग वळणार कसे?

कणीक, मैदा, बेसन यांना मात्र असा एक आकडा देता येत नाही. चाळून अलगद भरलेला मैदा आणि डब्यात वाटी खुपसून काढलेला मैदा यांत सहज पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. परदेशी केकच्या कृतीत नुसता ‘एक कप मैदा’ दिसला की मला राग येतो तो यासाठीच. तिथला कप साधारण २४० मिलिलिटरचा, आपली चहाची कपबशी नव्हे.

खरं तर लेक सगळं एकाच भांड्याने मोजणार असेल, तर ग्रॅमची गरजच नाही. दोन, दीड, अर्धी हे प्रमाण कुठल्याही वाटीने तसंच राहतं. पण तिला काट्यावरच करायचं असेल, तर पुढच्या वेळी लाडू करताना प्रत्येक जिन्नस तुम्हीच वाटीने मोजून काट्यावर ठेवा आणि आकडे कळवा. वेलचीपूड तेवढी चिमटीनेच सांगा. एक-दोन ग्रॅमला घरगुती काट्याचा भरवसा नसतो.