हवामान केंद्र घ्या, पण पीककर्जातून नको

प्रश्न (निफाड तालुक्यातील एक बागायतदार): चार एकर द्राक्षबाग आहे. हवामान केंद्र, ओलाव्याचे सेन्सर आणि रोगाचा अंदाज देणारं अ‍ॅप मिळून 65,000 रुपये, दुसऱ्या वर्षापासून 12,000 वर्गणी. एका फवारणीला एकरी अडीच हजार जातात. पीककर्जातून घेऊ का?

उत्तर: पीककर्जाला हात लावू नका. ते पैसे खत, औषध, मजुरीचे. 3 लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तरच आपल्या राज्यात त्याला व्याज शून्य पडतं. पाच वर्षं वापरायच्या वस्तूत ती रक्कम अडकली आणि मुदत टळली, की सवलत गेली.

यंत्र पाच वर्षं धरलं, तर एकूण खर्च 1,13,000, म्हणजे वर्षाला 22,600. तुमच्या चार एकरांची एक फवारणी 10,000 ची. तेव्हा वर्षाला तीन फवारण्या वाचल्या तरच पैसे वसूल. विक्रेता दहा सांगत असेल, मी तो आकडा धरणार नाही. पान किती तास ओलं राहिलं, तापमान किती होतं, यावरून अ‍ॅप डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका मोजतं. ऑक्टोबरच्या सुमाराच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर ते 'फवारा' असंच सांगणार, आणि बरोबरच सांगणार. त्या वर्षी बचत नाही, पण वेळेवरच्या फवारणीने माल वाचेल. कोरड्या हंगामात मात्र अ‍ॅप 'थांबा' म्हणेल आणि शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू असेल. तेव्हा खरंच थांबाल का, हे घरच्यांशी आधी बोला. थांबणार नसाल तर 65,000 घालूच नका. थांबलात तर खर्चाबरोबर मण्यांवरचा औषधाचा अंशही कमी होतो, आणि निर्यातीच्या मालाला तेच लागतं.

ओलाव्याच्या सेन्सरने होणारी पाण्याची बचत वीजबिलात दिसणार नाही, कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला सध्या वीज मोफत आहे. तरी मला ती फवारणीइतकीच मोलाची वाटते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुढे घड देणारी काडी तयार होते ती ऐन उन्हाळ्यात. तेव्हा टँकर घ्यावा लागत असेल, तर तो खर्च या हिशोबात जरूर धरा.

लागून बागा असलेले दोन शेजारी बरोबर घ्या. सपाट, सलग शिवारात हवामान केंद्र एक पुरेल. ओलाव्याचे सेन्सर ज्याचे त्याने घ्यावेत, जमीन प्रत्येकाची वेगळी. तुमचा वाटा बचतीतून भरा. छाटणीच्या हंगामात सेन्सर बंद पडला तर माणूस किती दिवसांत बागेत येईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर आगाऊ रक्कम देऊ नका.