पोरगी ऑफिसर झाली, पण ब्रांचमध्ये कुणी बोलेना

काका, पत्र वाचलं. मुलगी सरकारी बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) लागून चार महिने झालेत, पन्नाशीतल्या हेड कॅशियरची एंट्री चुकली म्हणून ती कस्टमरसमोरच त्यांच्यावर ओरडली, तेव्हापासून चहाला कुणी हाक मारत नाही आणि आता नोकरी सोडून यूपीएससी करते म्हणतेय. सोडायची नाही. आणि तुम्ही मॅनेजरला फोन तर अजिबात करू नका, असे वडील मी पाहिलेत, त्या मुलाला ब्रांचमध्ये 'बाळ' नाव पडलं ते बदली होईपर्यंत गेलं नाही.

बँकेत कामच दोघांत वाटलेलं असतं. एकाने एंट्री टाकायची, दुसऱ्याने पास करायची, तिजोरीच्या किल्ल्यासुद्धा दोघांकडे, एक जण उशिरा आला की कॅशच बाहेर निघत नाही. आणि संध्याकाळी कॅश टॅली होईना की आधी कुठे बघायचं हे त्या हेड कॅशियरनाच माहीत, ते काय ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत हो. अशा माणसाशी अबोला धरून तिचंच काम अडणार.

चूक दाखवू नको असं नाही म्हणत मी, पास करणारी ती आहे, जबाबदारी तिचीच, दाखवलीच पाहिजे. पण व्हाउचर घेऊन त्यांच्यापाशी जायचं आणि हळूच, "सर हे बघता का जरा, एक शून्य जास्त पडलंय वाटतं," बास. आता माफी मागायची, आणि ओरडली चारचौघांत तर माफीपण चारचौघांतच, व्हॉट्सॲपवर सॉरी आणि हात जोडलेला इमोजी चालणार नाही.

फक्त गोड वागायच्या नादात एक करू नये. "मॅडम पासवर्ड सांगा, मी पास करून टाकतो, तुम्ही जेवून या" असं कुणीतरी म्हणणारच, अगदी प्रेमाने म्हणेल. तिथे नाही म्हणजे नाही, कारण उद्या काही घोटाळा निघाला तर आयडी कुणाचा तेच आधी बघतात. "सर पाच मिनिटं थांबा, मी येऊनच करते" म्हणायचं, हसून म्हणायचं, राग येत नाही कुणाला.

पीओचं प्रोबेशन साधारण २ वर्षांचं असतं, चार महिन्यांत काय कळणार. महिनाभर करून बघू दे, मग तिलाच मला लिहायला सांगा, तुम्ही नको.