दुहेरी क्वांटम डॉट: आधी मधलं गेट जमवा

गॅलियम आर्सेनाइडच्या दुहेरी डॉटवर (म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या शेजारशेजारच्या दोन अतिसूक्ष्म कप्प्यांवर) पहिल्यांदाच मोजमाप करताय ना, मग लगेच इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या मागे लागू नका. आधी दोन्ही प्लंजर गेटांचे (एकेका डॉटमधले इलेक्ट्रॉन कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रोडांचे) व्होल्टेज फिरवून स्थिरता-नकाशा काढा, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला कुठल्या डॉटमध्ये किती इलेक्ट्रॉन हे दाखवणारा आलेख. मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन दिसले की दोन डॉटांमधली जोडणी मध्यम आहे. नुसत्या समांतर तिरक्या रेषा दिसल्या तर दोन्ही डॉट मिळून एकच झालाय. अशा वेळी मधलं गेट, म्हणजे दोन डॉटांमधली जोडणी ठरवणारं इलेक्ट्रोड, थोडं आणखी ऋण करा, एका वेळी 5 मिलिव्होल्ट पुरे. त्याने डॉटमधले इलेक्ट्रॉनही कमी होतात, म्हणून प्लंजर किंचित धन बाजूला सरकवायला विसरू नका. बरेच जण नेमके इथेच चुकतात.

षटकोनांचे कोपरे पसरट येतायत? लॉक-इनचं (बारीक सिग्नल मोजणाऱ्या अॅम्प्लिफायरचं) उत्तेजन, म्हणजे मोजण्यासाठी डॉटला दिलेलं छोटं एसी व्होल्टेज, तपासा. 100 मिलिकेल्विनला औष्णिक ऊर्जा जेमतेम 8.6 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तिथे 50 मायक्रोव्होल्ट दिलेत तर बारकावे पुसले जाणारच.