सतरा महिन्यांची लेक जेवत नाही: दूध, मोबाईल आणि ताटाबद्दल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. लेक सतरा महिन्यांची, वजन ९.२ किलो. दिवसाला चार बाटल्या दूध पिते, पण जेवण म्हटलं की तोंड फिरवते. मोबाईलवर गाणी लावली तरच चार घास जातात, एकेका जेवणाला तास लागतो. सासूबाई म्हणतात पोर वाळली. तू घरून ऑफिसचं काम करतेस आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तुला रडू येतं. मी नाशिकला बरीच वर्षं पाळणाघर चालवते, माझी स्वतःची दोन्ही मुलं आता मोठी झाली. या वयाची मुलं रोज जेवताना बघते, त्यावरून लिहिते आहे.

वजनाची काळजी आधी सोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात सतरा महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन सुमारे १० किलो आहे. मधलं म्हणजे निम्म्या मुली त्याच्या खालीच असणार. ७.९ किलोच्या खाली गेलं की कमी वजन धरतात आणि तुझी लेक त्याच्या बरीच वर आहे. पण सासूबाईंना जे दिसलं तेही खोटं नाही. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतं, सहा किलोच्या आसपास वाढतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र अडीच किलोच्या आसपास. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. त्यातच मूल चालायला लागतं, वर्षभरात उंची बारा-एक सेंटिमीटर वाढते, बाळसं ओसरतं, मांड्यांच्या वळ्या जातात. त्यांनी हे सगळं नीट टिपलंय, फक्त कारण वय आहे. हे त्यांना याच शब्दांत सांग. 'तुम्हाला काही कळत नाही' असा सूर लागला की पुढचं कोणी ऐकत नाही, आणि तुला त्यांची मदत लागणार आहे.

आता दूध. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला इथेच दिसतं. चार बाटल्या अडीचशे मिलीच्या धरल्या तर लिटरभर दूध झालं. गायीच्या लिटरभर दुधातून साडेसहाशे-सातशे कॅलरी मिळतात, म्हशीचं असेल तर त्याहून बऱ्याच जास्त. तिच्या वयाच्या मुलाची दिवसभराची गरजच आठशे ते हजारच्या दरम्यान असते. म्हणजे तू वरणभात कालवून बसतेस तेव्हा ती आधीच जेवलेली असते. तिला हट्टी म्हणू नकोस, तिचं पोट खरोखर भरलेलं असतं.

आणि दुधाने पोट भरतं, रक्त नाही वाढत. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातलं लोहही अंगी कमी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. चांगल्या खात्यापित्या घरांतही तो असतो, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. म्हणून मी या बाबतीत आग्रही आहे: एक वर्षानंतर दिवसाला चारशे-पाचशे मिली दूध पुरे, दही-ताक त्यातच धरायचं. ते बाटलीतून न देता पेल्यातून किंवा वाटीने द्यायचं. एकदम तोडू नकोस. जेवणाच्या आधीची बाटली पहिल्यांदा बंद कर, मग रात्रीची. झोपेत तोंडात राहिलेल्या बाटलीने पुढचे दात किडलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. काही रात्री रडारड होईल. त्या वेळी घरात सगळ्यांचं एकमत असायला हवं, नाहीतर आजी कळवळून बाटली देते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. (कोणी अंगावर पाजत असेल तर हे वाचून थांबवू नका. दोन वर्षं आणि पुढेही पाजायला हरकत नाही, फक्त जेवणाच्या तोंडावर नको.)

मोबाईलबद्दल तुला आधीच खूप बोल लागले असतील, त्यात मी भर घालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. माझं कारण आणखी एक आहे. पडद्याकडे बघत असताना मूल गिळतं, पण काय खाल्लं, पोट कधी भरलं, हे त्याला उमगत नाही. चव ओळखायची, चावायची, पुरे म्हणायची सवयच लागत नाही. तिन्ही वेळचा एकदम बंद करायला जाऊ नकोस, निभत नाही. सकाळच्या नाश्त्यापासून सुरुवात कर, कारण तेव्हा तिला खरी भूक असते.

तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच नाही: तू स्वतः कधी जेवतेस? माझा अंदाज, लेकीचं आटोपल्यावर, ओट्यापाशी उभ्याने, लॅपटॉपकडे एक डोळा ठेवून. हे आधी बदल, तुझ्यासाठीही आणि तिच्यासाठीही. पाळणाघरात दुपारी आम्ही सतरंजी अंथरून सगळ्यांना ओळीने बसवतो. प्रत्येकाच्या ताटलीत दोन चमचे भात-वरण, भाजी चिमूटभर, पोळीचा तुकडा. आम्हीही आमचं ताट घेऊन तिथेच बसतो. 'घरी काहीच खात नाही हो' असं सांगून सोडलेलं मूल थोड्या दिवसांत शेजारच्याच्या ताटलीत हात घालायला लागतं. आमचा स्वयंपाक काही वेगळा नसतो. तिथे कोणी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेलं नसतं आणि आजूबाजूला सगळे जेवत असतात, एवढाच फरक. मूल बघून शिकतं. तू चमचा धरून तिच्यामागे घरभर फिरतेस तेव्हा जेवण हे तिला तुझं काम वाटतं.

तेव्हा तिला वेगळं भरवणं हळूहळू बंदच कर. जमिनीवर दोन ताटं मांड, एक तुझं, एक तिचं. तुमच्यासाठी जे शिजतं त्यातलंच तिखट घालायच्या आधी तिच्यापुरतं काढून ठेव. मऊ भात, घट्ट वरण, तूप आणि वरून लिंबू, कारण लिंबाने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. मुगाचं धिरडं, मेथी घातलेलं थालीपीठ मऊसर करून, शिजवून कुस्करलेली चवळी, चालत असेल तर अंडं, बारीक केलेलं चिकन. नाचणी जरूर दे, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण लोहासाठी तिच्या एकटीवर विसंबू नकोस. हळीव खिरीत चिमूटभर घालता येतात. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र पूर्ण बंद, चहा लोहाच्या आड येतो. शेंगदाण्याचं कूट चालेल, अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, ती घशात अडकतात.

सुरुवातीला दोनच चमचे वाढ. भरलेली वाटी बघूनच मुलं पाठ फिरवतात, आणि पुन्हा मागितलं की तुलाही बरं वाटेल. सांडू दे, चिवडू दे, खाली जुनं पातळ अंथर. वीस-पंचवीस मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, न रागावता ताट उचल. मग पुढच्या खाण्यापर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, पाण्याशिवाय काही नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची साधी वाटणी करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती हे मुलाने. मी हीच वाटणी पाळते आणि नव्या आयांनाही तीच सांगते. एखादी नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरच काही मुलं तोंडात घालतात, त्यामुळे दोनदा थुंकली म्हणून 'तिला आवडत नाही' असं ठरवू नकोस.

दुपारी तुझी मीटिंग असेल तर ते जेवण सासूबाईंकडे दे. त्यांनी चिऊ-काऊचे घास करावेत, पण स्वतःचं ताटही घेऊन बसावं. नवऱ्याचा उल्लेख तू एकदाच केलास. रात्रीचं जेवण त्याच्याकडे सोपव, पूर्ण, म्हणजे वाढण्यापासून सांडलेलं पुसण्यापर्यंत. तेवढा वेळ तू त्या खोलीत थांबू नकोस.

सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी व पोलिओचे बूस्टर असतात. राहिले असतील तर त्या फेरीतच वजन-उंची कार्डावर मांडून घे आणि डॉक्टरांना हिमोग्लोबिन तपासायला सांग. लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमातही या वयाला आठवड्यातून दोनदा देतात, आशाताईंकडे चौकशी कर, पण तिच्यासाठी किती ते डॉक्टरांनाच ठरवू दे. वजन वाढायचं थांबलं किंवा उतरलं, ओठ-तळवे पांढुरके दिसले, माती-खडू खायला लागली, गिळताना सारखा ठसका लागला किंवा खडा होऊन शौचाला त्रास व्हायला लागला, तर त्या फेरीची वाट बघू नकोस, लगेच दाखव.