नव्या वर्गखोल्या गळतात, दुरुस्ती कोणाकडे?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन नव्या खोल्या ताब्यात येऊन सव्वा वर्ष झालं. या पावसात स्लॅब गळतोय, तुळईजवळचा गिलावा सुटलाय. ठेकेदार म्हणतो, ताबा दिला, विषय संपला. शाळेच्या अनुदानातून करून घ्या, असं गावात सांगतात. करायचं कोणी?
– शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य

उत्तर : दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून देण्याची मुदत, शिल्लक असेल तर ठेकेदारानंच, आणि स्वखर्चानं. ताबा दिला म्हणून तो सुटत नाही. हा कालावधी किती महिन्यांचा, ते करारात लिहिलेलं असतं. तो संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत (हमी म्हणून ठेवलेली रक्कम) बांधकाम विभागाकडे अडकलेली असते. ती परत गेली की विभागाच्या हातात फारसं काही उरत नाही, म्हणून आधी कालावधी संपण्याची तारीख शोधा.

त्यासाठी बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. करारनामा, काम पूर्ण झाल्याचा दाखला, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) स्लॅब व कोब्याची (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) पानं आणि अनामत परत केली का, एवढं मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात. तक्रार तोवर अडवून ठेवू नका. करार विभाग आणि ठेकेदार यांच्यात आहे, त्यामुळे तुम्ही ठेकेदाराला केलेल्या फोनला काही वजन नाही. समितीचा ठराव जोडून उपअभियंत्यांना पत्र द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्याच. ठेकेदाराला लेखी नोटीस द्यावी, मुदतीत काम न केल्यास ते त्याच्या अनामतीतून करून घ्यावं, असं पत्रात स्पष्ट मागा.

अनुदानातून वरवर वॉटरप्रूफिंगचा हात मात्र मुळीच मारू नका. त्याखाली मूळ दोष झाकला जातो आणि 'तुम्हीच हात लावलात' म्हणायला ठेकेदार मोकळा होतो.

पत्राआधी गच्चीवर जाऊन पाहा. पावसाळी पाइपाचं तोंड पाल्यानं बुजलं असेल, तर ती देखभाल शाळेची. तोंड मोकळं असून पाणी मधोमध साचत असेल, तर कोब्याला उतार नीट दिलेला नाही. ओल कठड्याच्या मुळाशी असेल, तर तिथली गोलाई (कठडा आणि गच्चीच्या सांध्यावरचा गोलसर गिलावा) फुटली आहे किंवा केलेलीच नाही. हे दोन्ही दोष कामाचे. तारखेसह फोटो काढा.

गिलाव्यामागे गंजकी सळई दिसली, तर त्या खोलीत मुलं बसवू नका आणि अभियंत्यांचा लेखी अहवाल मागा.

कालावधी संपला असेल, तर दुरुस्ती इमारतीची मालक म्हणून जिल्हा परिषदेची. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशीच हवी, असं म्हटलं आहे. मागणीपत्रात त्याचा उल्लेख करा.