वंश, टोळी आणि यहेज्केलच्या दोन काठ्या

प्रश्न असा आलाय: यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात देव संदेष्ट्याला दोन काठ्या घ्यायला सांगतो, एकीवर यहूदाचं नाव, दुसरीवर योसेफाचं, आणि त्या हातात धरून एक करायला सांगतो. एका प्रवचनाच्या क्लिपमध्ये वक्ते सारखे "ज्यूंच्या बारा टोळ्या पुन्हा एक होणार" म्हणत होते, छापील मराठी बायबलात मात्र "वंश" आहे. पण "वंश" म्हटलं की हल्ली वंशवाद नाहीतर वंशसंहार आठवतो, मग टोळी किंवा जमात जास्त बरोबर नाही का? आणि काठीच का, पाटी किंवा फळी का नाही?

आधी टोळीचं निकालात काढू, कारण हा शब्द या संदर्भात ऐकला की माझं डोकं फिरतं. टोळी चोरांची असते, दरोडेखोरांची असते, ऊसतोडीला जाते ती टोळी असते, मुकादम उचल देऊन ती जमवतो आणि हंगाम संपला की ती मोडते. याकोबाच्या, म्हणजे ज्याचं दुसरं नाव इस्राएल त्याच्या, बारा मुलांपासून निघालेली घराणी कोणी उचल देऊन जमवलेली नाहीत. जमातही तशीच, मुळात अरबी, जमलेले लोक. इंग्रजीत ट्राइब दिसलं, शाळेच्या डिक्शनरीत टोळी सापडलं, चिकटवलं, झालं काम. आणि वर "ज्यूंच्या बारा"! अहो ज्यू म्हणजे यहूदी आणि यहूदी म्हणजे यहूदाचे. ज्यूंच्या बारा टोळ्या म्हणजे सातारकरांचे छत्तीस जिल्हे म्हणण्यासारखं आहे. भाकिताचा सगळा मुद्दाच हा की यहूदा ही एक बाजू आणि उरलेले दुसरी. शलमोन राजा गेल्यावर, साधारण इ.स.पू. ९३० च्या सुमारास, राज्य फुटलं, उत्तरेला इस्राएल (योसेफाची काठी ती हीच), दक्षिणेला यहूदा. उत्तरेचं राज्य अश्शूरांनी ७२२ मध्ये संपवलं, सर्गोन दुसरा आपल्या लेखात २७,२९० माणसं उचलून नेली म्हणून सांगतो, आणि दक्षिणेचं यरुशलेम ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने पाडलं. यहेज्केल त्याआधीच, ५९७ मध्ये, राजाबरोबर धरून नेलेल्या लोकांत होता, खबार नदीच्या काठी राहायचा. म्हणजे तो दोन काठ्या जोडतोय तेव्हा त्यातल्या एका काठीचं राज्य बुडून सव्वाशेच्या वर वर्षं झालेली. हे डोक्यात ठेवा.

आता गंमत. हिब्रूत ज्याला आपण इथे वंश म्हणतो त्याला दोन शब्द आहेत, शेवेट आणि मट्टे, आणि दोन्हींचा पहिला अर्थ काठी! खरंच काठी, हातात धरायची. पुढाऱ्याच्या हातात दंड, त्या दंडामागे चालणारे लोक, मग त्या लोकांनाच दंड म्हणायला लागले. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा ४९वा अध्याय काढा, याकोब मरताना मुलांना आशीर्वाद देतोय तो. १०व्या ओवीत यहूदाच्या हातून राजदंड जाणार नाही म्हणतो, तिथे शेवेट. लगेच १६व्या ओवीत दान नावाचा मुलगा इस्राएलाच्या वंशांपैकी एक म्हणून न्याय करील, तिथेही शेवेटच. मधे पाच ओव्या, शब्द तोच, आणि मराठीत वाचताना पत्ता लागत नाही. अरबीत हाच शब्द गेलाय, कुराणात इस्राएलच्या वंशांना अस्बात म्हटलंय तो याचाच भाऊ. आणि सगळ्यात भारी म्हणजे २३वं स्तोत्र, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात", मराठी ख्रिस्ती घरात लहान पोरांनाही पाठ असतं. त्यातली आकडी म्हणजे शेवेट. (संडे स्कूलमध्ये अर्ध्या मुलांना आकडी म्हणजे फिट येते तीच वाटते आणि त्याने धीर कसा येतो हे काही केल्या कळत नाही, तो वेगळा विषय.) म्हणजे मेंढपाळाच्या हातातली आकडी आणि "इस्राएलाचे बारा वंश" यातला वंश, हिब्रू माणसाच्या कानाला एकच.

आणि आता आपला वंश. संस्कृतात वंश म्हणजे बांबू! वेळू! बासरी त्यातूनच आली, हिंदीतला बांस त्यातूनच, आणि आपला वासा, घर फिरलं की फिरतो तो, तोही वंशच, जुन्या लिखाणात वांसा असा अनुस्वार देऊनच लिहायचे. संस्कृत कवींनी तर या दुहेरी अर्थाचा पार चोथा केलाय, चांगल्या वंशातलं धनुष्य असलं तरी गुण नसेल तर काय उपयोग, गुण म्हणजे दोरी. म्हणजे ज्या कोणी मराठी बायबलात वंश घातला त्याने जाणूनबुजून घातला असेल नसेल, पण काठीच्या जागी काठीच बसवली. असं भाषांतर मागून मिळत नाही, आणि तुम्ही ते काढून टोळी घाला म्हणता.

आता बांबूवरून घराणं कसं झालं? मोनियर-विल्यम्स आपल्या संस्कृत कोशात सांगतो की बांबूला जशी पेरामागून पेरं तशा पिढ्यामागून पिढ्या म्हणून. सगळे तेच उतरवून घेतात. दिसायला छान, पण मला अजिबात पटत नाही. पेरांचंच म्हणाल तर ऊस काय वाईट होता, पण इक्षूचा अर्थ घराणं झाला का? माझं मत असं की हा अर्थ घराच्या आढ्यावरून आला. अथर्ववेदात घर बांधण्याचं एक सूक्त आहे, त्यात वंशाला, म्हणजे आढ्याच्या लाकडाला, सांगतात की बाबा रे खांबावर नीट चढ. सगळं छप्पर ज्याच्यावर पेललंय तो वंश, आणि मग त्या छपराखाली जन्मलेले ते त्या वंशाचे. घर म्हणजे घराणं हे आपल्याकडे चालतंच की, मग घराचं मुख्य लाकूड म्हणजे घराणं हे का चालू नये? पेरांची थिअरी ही टेबलावर बसून बांबूकडे बघणाऱ्याची थिअरी आहे, ज्याने कधी घर शाकारलंय तो असं म्हणणार नाही.

(आणि लगेच कोणी "म्हणजे हिब्रू संस्कृतातून निघाली" सुरू करू नका, हात जोडतो. दोन्ही भाषा वेगळ्या घरच्या. एक हातातल्या दंडावरून पोचली, दुसरी डोक्यावरच्या आढ्यावरून, मुक्काम एक आला एवढंच.)

हां, काठी. इथे खरं कोडं आहे आणि ते तुम्ही विचारलंच नाही. ३७व्या अध्यायात यहेज्केल शेवेट म्हणतच नाही आणि मट्टेही म्हणत नाही! तो म्हणतो एत्स, म्हणजे साधं लाकूड, झाड, लाकडाचा तुकडा. हातात वंश आणि काठी दोन्ही अर्थांचे दोन आयते शब्द असताना? त्याच्याआधी बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात मोशे बारा काठ्यांवर बारा सरदारांची नावं लिहून घेतो आणि अहरोनाच्या काठीला बदाम लागतात, तिथे काठी म्हणजे मट्टे आणि त्याच पुस्तकात वंश म्हणजेही मट्टे, काम किती सोपं. मग हा बाबा लाकूड का म्हणतो?

इथेच पाटीवाले घुसतात. जुन्या अरामी भाषांतरात, तार्गूममध्ये, इथे पाटी आहे, एका इंग्रजी भाषांतरात लाकडी पाटीचं पान आहे, आणि १९५३ साली इराकात निमरूदच्या विहिरीत अक्रोडाच्या आणि हस्तिदंताच्या, बिजागरीने जोडलेल्या, मेण थापून लिहायच्या पाट्या सापडल्यापासून तर विद्वानांना फारच जोर आलाय, बघा दोन पाट्या मिटल्या की एक होतात. मॉर्मन पंथाचे लोक आणखी पुढे, त्यांच्या मते ही लाकडं म्हणजे गुंडाळीचे दांडे, एक गुंडाळी बायबल आणि दुसरी त्यांचा स्वतःचा ग्रंथ. अहो, यहेज्केलला गुंडाळीचा शब्द येत नव्हता का? दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात त्याने एक अख्खी गुंडाळी खाल्लीये, तिथे तो मगिल्ला म्हणतो, आणि मधासारखी गोड लागली म्हणून चवही सांगतो. विटेवर यरुशलेमचा नकाशा कोरायचा तेव्हा वीट म्हणतो. फळीचा शब्द २७व्या अध्यायात सोर शहराच्या जहाजाला वापरलाय. ज्याच्याकडे प्रत्येक प्रॉपला नेमका शब्द आहे तो माणूस पाटीला लाकूड कशाला म्हणेल? पाटी आणि फळी दोन्ही बाद.

तो लाकूड म्हणतो कारण राजदंडाचा निकाल त्याने आधीच लावलाय. १९वा अध्याय वाचा, तिथे द्राक्षवेलीला मजबूत मट्टे होते, राज्यकर्त्यांचे शेवेट व्हायच्या लायकीचे, दोन्ही शब्द एका ओवीत, आणि पुढे आग लागून राज्य करायला एक शेवेट उरला नाही म्हणतो. १५व्या अध्यायात यरुशलेमचे लोक म्हणजे वेलीचं लाकूड, एत्स, ज्याची साधी खुंटीसुद्धा होत नाही. मग ३७मध्ये दंड आणणार कुठून? उरलंय ते लाकूड, त्याच्यावर नाव लिहा, तेच धरा. हे माझं म्हणणं आहे आणि मला ते पाट्यांपेक्षा शंभर पटीने बरं वाटतं.

शिवाय कान द्या. त्याच अध्यायाच्या पहिल्या अर्ध्यात वाळलेल्या हाडांचं खोरं आहे. हाड म्हणजे एत्सेम, लाकूड म्हणजे एत्स! आणि वर हाडं जवळ आली, हाड आपल्या हाडाजवळ, तिथे जे क्रियापद आहे, काराव, तेच दहा ओव्यांनी काठ्यांना आहे, त्यांना एकमेकींच्या जवळ आण. करीब, कुर्बानी हे आपल्याकडे आलेले शब्द याच धातूच्या अरबी भावंडाचे. म्हणजे हाडं जशी करीब आली तशी लाकडं करीब आण. एत्सच्या जागी शेवेट घातला असता तर ही सगळी जोडणी गेली असती. आणि मग १९व्या ओवीत देव अर्थ सांगायला लागतो तेव्हा योसेफाचं एत्स आणि त्याचे सोबती इस्राएलाचे शेवेट हे शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे कोडं घालून आता उत्तराची किल्ली देतोय. बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरकाराला हे इतकं कळलं की त्याने त्या ओवीत काठी सोडून सरळ "योसेफाचा वंश" लिहून टाकलं, कोडं आपणच फोडलं. शहाणा पण घाईचा माणूस.

बाकीच्या संदेष्ट्यांत होशेयाकडे ही एक होण्याची गोष्ट एका पुढाऱ्याने सांगितली जाते, यशयाकडे एफ्राइमचा, म्हणजे उत्तरेच्या राज्याचा, हेवा संपण्याने, पण काठी उलटी फिरवणारा एकच, जखऱ्या. ११व्या अध्यायात त्याच्याकडेही दोन काठ्या आहेत, आणि दुसरी तो मोडतो, यहूदा आणि इस्राएल यांच्यातलं भाऊपण मोडावं म्हणून. तिथे काठीला आणखी तिसराच शब्द आहे, मक्केल. एकाने जोडल्या, दुसऱ्याने मोडली, प्रवचनात पहिलंच का ऐकू येतं हे तुम्ही वक्त्यांना विचारा.

यात कोणीतरी आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, काढणारच म्हणून आधीच सांगतो. अलिबाग-पेणकडचे, गावावरून कर लावून आडनावं घेतलेले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले, मलिद्याच्या विधीला एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेणारे. यांचं नाव यहूदी नसून बेने इस्राएल आहे, अर्थात ते अश्शूरांनी नेल्यावर हरवलेल्या उत्तरेच्या दहा वंशांपैकीच, असं लॉजिक बऱ्याच जणांनी लढवलंय. ते कुठून आले हा इतिहासाचा प्रश्न, त्यात मी पडत नाही, पण नावाचा पुरावा मात्र साफ लंगडा आहे. यहेज्केलच्या याच अध्यायाच्या १६व्या ओवीत बेने इस्राएल (इस्राएलाची मुलं) हे शब्द जसेच्या तसे आहेत, आणि ते कुठल्या काठीवर लिहिलेत? यहूदाच्या! "यहूदा आणि त्याचे सोबती बेने इस्राएल". योसेफाच्या काठीवर बेत इस्राएल आहे, इस्राएलाचं घराणं. म्हणजे नावावरूनच जायचं तर उलटं निघतं.

राहिलं वंशवाद-वंशसंहाराचं. वंश शब्दाला हल्लीचा रंग चढलाय हे खरं, पण म्हणून जुन्या जागेवरून त्याला हाकलायचं असेल तर वंशावळही टाका आणि वंशाचा दिवाही विझवा. अगदीच नको वाटत असेल तर कूळ म्हणा, चालेल, फक्त काठी हातातून गेली हे लक्षात असू द्या.

आणि हो, "हरवलेले दहा वंश" म्हणताना जरा हिशोब करा. १ राजेच्या ११व्या अध्यायात अहीया संदेष्टा नवी कोरी चादर फाडून बारा तुकडे करतो, दहा उत्तरेच्या होणाऱ्या राजाला, यराबामाला, देतो आणि म्हणतो शलमोनाच्या मुलाला एक राहील. दहा आणि एक अकरा. बारावा गेला कुठे? बन्यामीन यहूदात धरला म्हणतात, कोणी लेवी बाजूला काढतं, कोणी शिमोन आधीच यहूदात विरघळला म्हणतं, टीकाकारांची हातघाई चालू आहे. ग्रीक भाषांतरकाराने मात्र सरळ एकाचे दोन करून टाकले आणि हिशोब मिटवला, आणि बघा, तिथे तो वंशाला ग्रीक शब्द कोणता वापरतो, तर स्केप्त्रोन. राजदंड. यराबामाला दहा राजदंड, शलमोनाच्या पोराला दोन.